कडूसरला आवतण

आजऱ्याच्या आठवडा बाजारात ख्यालीखुशाली विचारायची रीत गेल्या दोन वर्षांत बदलली होती. पाऊसपाणी, पोरंबाळं, म्हशीचं दूध इतकं बोलून झालं की समोरचा हळूच विचारायचा, "आणि वहिनींचं जुळं काय म्हणतंय?" मग विचारलेला माणूस हातातली पिशवी खाली ठेवून सांगायला लागायचा, की बाराव्या घरात गाठ पिवळी पडली, पण लिव्हरही पिवळंच पडलं, त्यामुळे ते औषध काही कामाचं नाही. ऐकणाराही समजल्यासारखी मान हलवायचा, आणि त्याला खरंच समजलेलं असायचं. ज्यांनी जन्मात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता, ती माणसं पेशींच्या रंगाबद्दल कांद्याच्या भावाइतक्या सहज बोलत होती.

जुळं म्हणजे तळहाताएवढी काचेची पट्टी. सरकारी कागदावर तिचं नाव 'रुग्णसदृश पेशीपट्टी' होतं. नाव ठेवणाऱ्याने ते एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं असतं तर बरं झालं असतं. पट्टीवर शहाण्णव बारीक घरं. प्रत्येक घरात रोग्याच्या गाठीतल्या थोड्या पेशी वाढवायच्या, आणि शेजारच्या कप्प्यात त्याच माणसाच्या रक्तातून तयार केलेल्या लिव्हरच्या आणि हृदयाच्या पेशी. मग एकेका घरात एकेका वनस्पतीचा अर्क सोडायचा. सहाव्या दिवशी पिवळा रंग घातला, की जिवंत पेशी तो रंग पचवून जांभळा करतात, आणि मेलेल्या पेशींपाशी तो पिवळाच राहतो. गाठ पिवळी आणि बाकी सगळं जांभळं, असं घर सापडलं की त्या अर्काचं औषध त्या एका माणसाला द्यायची परवानगी नव्या कायद्याने मिळत होती. दुसऱ्या कुणाला तेच द्यायचं, तर त्याचं जुळं वेगळं, त्याची चाचणी वेगळी.

हे काम गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या काजू कारखान्याच्या इमारतीत चालायचं. केंद्राची प्रमुख डॉ. फिलोमिना बार्देस्कर आजऱ्याचीच होती. पुण्यात बारा वर्षं काढून ती परत आली होती, आणि गाव तिला फिलू मॅडम म्हणत होतं. ती हुशार होती, कष्टाळू होती, आणि घाईची होती. हा तिसरा गुण तिला स्वतःला दोष वाटत नसे, कारण तिच्या वॉर्डातल्या सहा खाटांवरच्या माणसांकडे वेळच नसायचा.

त्या वर्षी सगळ्यात जास्त आशा होती कडूसर नावाच्या झुडपावर. गुडघ्याएवढं झुडूप, सड्यावर, म्हणजे उघड्या कातळपठारावर, फटीत वाढणारं. त्याच्या मुळीच्या अर्काने तीन माणसांची जुळी साफ केली होती आणि ती तिन्ही माणसं आता आपापल्या घरी होती. गंमत अशी, की केंद्राला वनस्पती पुरवणाऱ्या ठेकेदाराने आणलेली कडूसर कधीच लागू पडली नाही. लागू पडायची ती फक्त धाकू झोरेने आणलेली. फिलोमिनाने नोंदवहीत 'मातीचा फरक असावा' असं लिहून ठेवलं होतं, आणि त्या 'असावा'कडे परत बघायला तिला सवड झाली नव्हती.

धाकू झोरे सड्यापलीकडच्या धनगरवाड्यावर राहायचा. साठी उलटलेला, कमी बोलणारा. त्याच्या बापाने त्याला झाडपाला शिकवला होता. मुळ्या तो ओल्या गोणपाटात गुंडाळून आणायचा, आणि नवीन काम सांगितलं की त्याचा एकच प्रश्न असायचा, की माणसाचं नाव काय. नियमाप्रमाणे त्याला फक्त क्रमांक सांगायचा होता. फिलोमिनाला तो नियम फालतू वाटायचा. ती नुसतं पहिलं नाव सांगून टाकायची, धाकू ते ओठातल्या ओठात दोनदा म्हणायचा आणि जायचा. म्हाताऱ्याच्या मनाचं समाधान, असं तिला वाटायचं.

मग एका सोमवारी धाकूची मुलगीच केंद्रात आली.

सानिका चोवीस वर्षांची, आजरा-गडहिंग्लज गाडीवर कंडक्टर. मांडी दुखते म्हणून तिने चार महिने बाम चोळण्यात घालवले होते. हाडाची गाठ फुप्फुसांत पसरली होती आणि दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागायची. तरी पहिल्या दिवशी स्वतःची पट्टी बघायला मिळाली, तेव्हा तिने विचारलं, की मॅडम, ह्या जुळ्याचं तिकीट अर्धं काढायचं का पूर्ण. वॉर्डातल्या नर्ससुद्धा हसल्या. फिलोमिनाही हसली, आणि त्याच क्षणी तिने मनाशी ठरवून टाकलं, की ही पोरगी मरू द्यायची नाही. असं ठरवणं शास्त्रात बसत नाही, हे तिला कळत होतं.

धाकूने मुलीसाठी कडूसर आणली. सहाव्या दिवशी जुळ्यात रंग घातला, आणि कडूसरच्या सगळ्या घरांत गाठ जांभळी झाली. गडद, ठसठशीत जांभळी. एकही पेशी मेली नव्हती. इतर पंचाऐंशी वनस्पतींचीही तीच तऱ्हा.

फिलोमिनाने चाचणी परत लावली. आणखी सहा दिवस गेले आणि परत जांभळंच आलं. मग तिने नोंदी काढल्या. तोच सडा, तीच फट, तेवढंच वजन, सकाळची तीच वेळ. अर्काची रासायनिक तपासणी केली, तर त्यात ज्या कडू द्रव्याने गाठ मरते ते जवळजवळ नव्हतंच. मातीचा फरक म्हणावा, तर माती तीच होती. आता मात्र तिने गाडी काढली आणि ती धनगरवाड्यावर गेली.

धाकू दारात शेळीला पाला घालत होता. तिने सरळच विचारलं, की मामा, ह्या वेळी तुम्ही वेगळं काय केलंत. त्याने हातातला पाला खाली टाकला. मग म्हणाला, "आवतण दिलं न्हाई."

तिला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं. मुळी काढायची असली की आदल्या सांजेला तिच्याकडे जायचं. बुडाशी चिमूटभर तांदूळ ठेवायचे. अमक्यासाठी तुला न्यायला उद्या येतो, असं माणसाचं नाव घेऊन सांगायचं. आणि ऐकलंस ना, याची खूण म्हणून बुडख्याला अंगठ्याचं नख लावायचं. पहाटे जाऊन काढायची. पण आपल्या घरच्या माणसासाठी आवतण देत नाहीत. जो आपल्या रक्तासाठी मुळीला बोलावतो, त्याच्या घरातलं माणूस मुळी आपल्यासोबत नेते, असं त्याला बापाने सांगितलं होतं. म्हणून सानिकासाठी त्याने कडूसर तशीच उपटून आणली होती. दुसऱ्या कुणाला सांगावं, तर वाड्यावर आवतण देणारा दुसरा उरला नव्हता.

फिलोमिनाच्या कानात एकच शब्द राहिला होता. नख. पानाला किडा लागला, सालीला जखम झाली, की झाड स्वतःला वाचवायला विष तयार करतं, हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवत आली होती. संध्याकाळी जखम, रात्रभर झाडाचा बंदोबस्त, आणि पहाटे मुळीत कडू द्रव्य भरलेलं. ठेकेदाराची माणसं दुपारी जाऊन कुदळीने उपटत होती, त्यांच्या मुळीत काही नसणारच. इतके दिवस ती मातीलाच कारण धरून बसली होती. स्वतःचा राग आला तिला, आणि त्या रागापेक्षा मोठा आनंद झाला.

त्याच संध्याकाळी तिने सड्यावर सहा झुडपं निवडली. तीन झुडपांना आपल्या अंगठ्याचं नख लावलं, एकेक. उरलेल्या तिन्हींना हात लावला नाही. ना तांदूळ, ना नाव. पहाटे सगळी काढली, त्या दिवशी दुपारपर्यंत अर्क सानिकाच्या जुळ्यात सोडले आणि सहा दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. सातव्या सकाळी नख न लावलेल्यांची घरं जांभळी होती. नख लावलेल्यांच्या तिन्ही घरांत गाठ पिवळी पडली होती, आणि लिव्हर आणि हृदय मात्र जांभळं, जिवंत. तिने ती पट्टी उजेडात धरली आणि तिथेच उभी राहून रडली.

पण पट्टीला थेंब पुरतो, माणसाला आठ मुळ्या लागतात. सड्यावर कडूसर कुठल्या कुठल्या फटीत उरली आहे, हे फक्त धाकूला ठाऊक होतं. ती परत त्याच्याकडे गेली. धाकूने मान हलवली. घरच्यासाठी आवतण देणार नाही, पोरीला माझ्या हाताने पाठवणार नाही, म्हणाला.

तेव्हा फिलोमिना त्याच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. तिने त्याला सगळं उलगडून सांगितलं, किडा, जखम, झाडाचं विष. फोनवर पट्टीचा फोटो दाखवला. मी तांदूळ ठेवले नाहीत, म्हणाली, नाव घेतलं नाही, तरी गुण आला. "मामा, आवतण देऊच नका. नाव घेऊ नका, म्हणजे तुमची रीत मोडत नाही. रीतीत काही नाही. जे आहे ते सगळं नखात आहे."

धाकू फोटोतल्या पिवळ्या ठिपक्यांकडे बघत राहिला. "हे सानिकाचंच जुळं?"

"तिचंच."

"नुसत्या नखानं?"

"नुसत्या नखाने."

त्याने उठून कोयता कमरेला लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा दिसला. फिलोमिनाला अभिमान वाटला. एका माणसाच्या मनातली भीती आपण पुराव्याने काढली, याचा तो अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

तिसऱ्या सकाळी आठ मुळ्या बुडख्यांसकट आल्या. नियम असा होता, की माणसाला द्यायच्या प्रत्येक अर्कातलं कडू द्रव्य आधी मोजायचं. ते मोजणारं मोठं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं आणि कोल्हापूरहून मोजून यायला पाच दिवस लागत होते. जुळ्यावर परत तपासायचं तर सहा. वॉर्डातल्या डॉक्टरांनी सानिकाची छाती तपासून सांगितलं, की तिच्याकडे चार दिवस असतील, फार तर पाच. पहिल्या तिघांच्या वेळी मोजलं होतं, तेव्हा दर खेपेला द्रव्य जवळपास सारखंच निघालं होतं. एका मुळीत अमुक इतकं, हा हिशेब पक्का झाला होता. फिलोमिनाने मापाच्या रकान्यात 'पूर्वीप्रमाणे' असं लिहिलं आणि खाली सही केली. नमुन्याची एक बाटली तिने कोल्हापूरला पाठवून दिली, नियम पाळायचा म्हणून.

सानिकाला तिने जोखीम सांगितली. सानिकाने सगळं ऐकून घेतलं आणि दम खात म्हणाली, "आबांनी आणलंय न्हवं? मग लावा."

सलाईनमधून औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी तिची धाप कमी झाली. छातीचा फोटो काढला, तर फुप्फुसांतले डाग विरत चाललेले. धाकू वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून होता. त्याला फोटो दाखवला, तेव्हा त्याने तो दोन्ही हातांनी धरला. सानिका त्या संध्याकाळी अर्धी भाकरी जेवली आणि ड्यूटीवर कधी जाता येईल म्हणून विचारत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे पिवळे दिसले.

औषध लगेच बंद केलं. डॉक्टरांनी जे करण्यासारखं होतं ते सगळं केलं. लिव्हर निकामी झालं होतं. चौथ्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात. बापाला ती कुणी प्रवासी समजून, पुढे सरका, पुढे जागा आहे, असं सांगत राहिली. सहाव्या दिवशी दुपारी ती गेली. शेवटच्या फोटोत तिची फुप्फुसं जवळजवळ स्वच्छ होती.

धाकूने कुणाला दोष दिला नाही. वाड्यावरची माणसं आली आणि तिला घेऊन गेली.

कोल्हापूरचा अहवाल त्याआधीच, पाचव्या दिवशी, येऊन पडला होता. तो फिलोमिनाने उघडला सानिकाला नेल्यावर. कडू द्रव्य नेहमीच्या सव्वापाच पट होतं. तिने आकडा तीनदा वाचला. मग नमुन्यांच्या कपाटातून त्या आठ मुळ्यांचे बुडखे काढले आणि भिंगाखाली धरले. सालीवर नखांच्या खुणा होत्या. पहिल्यावर अकरा. दुसऱ्यावर चौदा. तिसऱ्यावर मोजता येईनात, एकावर एक उमटल्या होत्या. काही ठिकाणी साल सोलून खाली लाकूड दिसत होतं. तिच्या स्वतःच्या तीन झुडपांवर एकेकच खूण होती, कारण जखम करायची म्हणजे एकदा करायची, हे तिने न विचारताच धरून चाललेलं होतं.

चूक कुणाची, हे तिला तिथेच कळलं. मोजायचं राहिलं, सही आपली. चौकशी समिती येणार होती, तिला ती सगळं लिहून देणार होती. पण समितीला सांगणं सोपं होतं. धाकूला सांगावं की नाही, यावर ती आठ दिवस झोपली नाही. तो आपल्या वाड्यावर बसून एवढंच समजत असेल, की आवतण न देतासुद्धा मुळीने पोरीला नेलं. त्याच्या बापाची शिकवण खरी ठरली, एवढं दुःख त्याला पुरे होतं. त्यात आणखी भर कशाला घालायची? आणि नाही सांगितलं, तर एक दिवस तो दुसऱ्या कुणाच्या तरी प्रेमापोटी परत चौदा नखं लावेल.

दहाव्याचं पिंडदान झाल्यावर ती वाड्यावर गेली. धाकू दारात बसला होता, शेळी मोकळीच हिंडत होती. त्याने तिला पाणी दिलं. ती उंबऱ्यावर बसली नाही, खाली जमिनीवर बसली.

"मामा, त्या मुळ्यांना नखं किती लावली होती?"

"मावतील तेवढी."

"एरवी?"

"एरवी एकच," धाकू म्हणाला. "आवतण एकदाच द्यायचं असतंय. दुसऱ्यांदा दिलं की ते आवतण न्हवं, जुलूम हुतोय. मग मुळी रागावती, असं बा सांगायचा. पण तुमी म्हणालासा, रीतीत काय न्हाई, नखात हाय. म्या म्हणलं, एका नखानं काचंत एवढा गुण येतुय, तर पोरीसाठी हात आखडता कशाला घिऊ? लई वेळ बसलो हुतो एकेका झाडापाशी."

फिलोमिनाने त्याला सांगितलं. नखं जास्त झाली म्हणून मुळीत विष पाचपट वाढलं. औषध देण्याआधी ते मोजायचा नियम होता आणि तो मी पाळला नाही. नखाचं तुम्हाला मी सांगितलं, पण किती नखं लावायची ते सांगितलं नाही. तुम्ही किती लावता, तेही विचारलं नाही. एवढा एक प्रश्न मी विचारला असता, तर सानिका जगली असती. ती न थांबता बोलली, कारण थांबली असती तर पुढचं बोलता आलं नसतं. तुमच्या हाताने काही झालेलं नाही, हेही तिने दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा ते तिचं तिलाच पटलं नाही.

धाकूने आपला उजवा हात पालथा करून अंगठ्याकडे पाहिलं. नखाच्या कडेला अजून हिरवट काळा डाग होता. शेळी येऊन त्याच्या गुडघ्याला डोकं घासून गेली.

"म्हंजे गाठ मरत हुती," तो म्हणाला.

"हो. फोटोत दिसत होतं."

"म्हंजे तुमचं औषध खरं हुतं."

"हो."

"माझ्या नखात गुण हुता, तेबी खरं."

"हो, मामा."

"आन् मुळी रागावती, असं बा म्हणायचा, तेबी खरंच निघालं म्हणायचं." त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं आणि विचारायला दुसरं कुणी नव्हतं.

"एवढं सगळं खरं हुतं म्याडम, तर मग माझी पोरगी कशानं गेली?"